शनिवारचे दोन तास

(पंढरपूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मार्गदर्शक' असं छापलंय. आमच्या मुलींनी ते वाचलं आणि त्या खूप हसल्या. "ताई, तुम्ही कधी मार्गदर्शन केलं? तुम्ही तर नुसत्या ऐकत बसता," एक म्हणाली. मला वाटतं, आमच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही करता आलं नसतं.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, शिक्षिका नाही. एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं लेखनिक होते. शनिवारी शाळा सकाळची असते. मुली घरी जाऊन जेवतात, भांडी घासतात आणि मग निघतात. म्हणून गेली अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी तीन ते पाच, मी आणि माझ्यासारख्या चार बायका सातवी ते बारावीच्या मुलींबरोबर बसतो. एका धर्मशाळेची मागची खोली आम्हाला मिळालीय. एका ताईकडे पाचच मुली, त्याहून जास्त नाहीत. मानधन नाही. पाटीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, शनिवारी दोन तास मुलींबरोबर बसायचं, यात चळवळीचं काय काम झालं? हा प्रश्न मला आपल्याच मैत्रिणींनी विचारलाय, आणि तो रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आपण उशिरा पोचतो

आपल्या संघटनांकडे बाई कधी येते? मारहाण सहन होईनाशी झाली की येते. नवऱ्यानं टाकलं, पोटगी मिळेना, सासरच्यांनी पोरं ठेवून घेतली, की येते. तेव्हा आपण तिच्यामागे उभ्या राहतो, पोलीस ठाण्यात जातो, कोर्टाच्या तारखा करतो. हे काम आपल्याला येतं. पण त्या बाईचा अर्ज लिहून घेताना आपण वय विचारतो, लग्न कधी झालं ते विचारतो, आणि ती सांगते, "दहावीत होते." किंवा, "नववी सुटली आणि लगेच." म्हणजे आपण तिला भेटतो तेव्हा तिच्या आयुष्यातले मोठे निर्णय दहा वर्षांपूर्वीच होऊन गेलेले असतात. ते घेताना घरात चहा झाला, सुपारी फुटली, आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असायला हवेत. वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांना विचारलं, त्यांतल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. राज्याच्या जवळजवळ दुप्पट. परभणी, बीड यांच्या बरोबरीनं आपला नंबर लागतो. ऊस, द्राक्षं, डाळिंब, साखर कारखाने, वर्षाच्या चार मोठ्या यात्रा, असा हा आपला भाग आहे. पैसा इथं नाही असं नाही. तरी पाचातल्या दोघी अठरा व्हायच्या आत बोहल्यावर उभ्या राहतात.

हे लग्न एका दिवसात ठरत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी घराची दारं एकेक करून लागायला सुरुवात होते. पाळी आली की खेळणं बंद. भावाला सायकल येते, हिला 'कुठं निघालीस' येतं. भावाच्या हातात मोबाईल असतो, हिच्या हातात दिसला की संशय येतो. गावातली शाळा सातवीपर्यंत असेल तर पुढं एसटीनं जावं लागतं. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे. पण पास फुकट असून भागत नाही. स्टॅंडवर टवाळ पोरं उभी असतात, त्यातलं कुणी काही बोललं तर शाळा तिचीच सुटते, त्याची नाही. हे मुलीला माहीत असतं, म्हणून ती घरी सांगत नाही. सांगायला घराबाहेर दुसरी कुणी मोठी बाई नसते. आम्ही त्या रिकाम्या जागी बसतो. आमचं काम एवढंच आहे.

हे काही नवं नाही

कुणाला वाटेल ही परदेशातून आलेली 'मेंटॉर' वगैरे कल्पना आहे. शब्द तिकडचा असेल. काम आपल्याकडचं आहे.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. आज आपण तिचं नाव अभिमानानं घेतो. पण त्या मागे काय होतं याचा विचार करा. एका चौदा वर्षांच्या दलित मुलीला, तुझं म्हणणं महत्त्वाचं आहे, ते लिही, असं वाटायला लावणारी मोठी माणसं तिच्या आजूबाजूला होती. धिटाई पोरीची स्वतःची होतीच, पण तिला जागा मिळाली.

आपल्या पंढरपुरातच पाहा. १८७५ साली लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी इथं बालकाश्रम सुरू केला. पुढे तो वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला. त्या काळात कोवळ्या वयात विधवा झालेल्या, कुणाच्या तरी वासनेला बळी पडून दिवस राहिलेल्या मुली तीर्थाच्या गावी येऊन बाळंत होत. बाळ मारायचं किंवा टाकून जायचं, एवढंच त्यांच्या हाती असे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली जे काम आरंभलं, तेच इथं चंद्रभागेकाठी झालं. त्यातल्या कित्येक 'बायका' आजच्या हिशेबानं नववी-दहावीतल्या पोरी असणार. त्यांच्यासाठी दार उघडलं ही मोठी गोष्ट. पण ते दार शेवटचं होतं. त्याच्या अलीकडं, मुलगी तेरा-चौदाची असताना, कुणी तिच्याजवळ बसलेलं नव्हतं.

अलीकडचं उदाहरण मराठवाड्यातलं आहे. पैठण तालुक्यात पाचोडला आरोग्याचं काम करणारी एक संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खेड्यातल्या शाळा सुटलेल्या आणि शिकणाऱ्या मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तासाचा, वर्षभराचा वर्ग चालवला. शिकवणाऱ्या कोण? त्याच गावातल्या, सातवीच्या पुढं शिकलेल्या बायका. आरोग्य, हक्क, घरात कसं बोलायचं, बचत, असे विषय. काही वर्षांनी मोजलं तर त्या भागातल्या मुलींचं लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं होतं. एक वर्ष! हसू नका. ज्या मुलीचं बाळंतपण एक वर्ष पुढं जातं, तिच्या हाडांना विचारा एक वर्ष म्हणजे काय. आणि हे वर्ष कुणी मोठ्या विद्वानानं मिळवून दिलं नाही, गावातल्याच सातवी शिकलेल्या बाईनं दिलं.

दोन तासांत काय होतं

पहिले दोन महिने काहीच होत नाही. मुली येतात, भिंतीला टेकून बसतात, एकमेकींकडं बघून हसतात. विचारलं तर "बरंय" म्हणतात. नव्या ताया या टप्प्यावर घाबरतात आणि भाषण सुरू करतात. स्वच्छता, अभ्यास, मोबाईलचे दुष्परिणाम. मुली माना डोलावतात, कारण त्यांना भाषणं ऐकायची सवय असते. घरी आई सांगते, शाळेत बाई सांगतात, कीर्तनात महाराज सांगतात. मुलींना सांगणाऱ्यांची काही कमी नाही.

म्हणून आम्ही एक साधं ठरवलं. पहिला अर्धा तास हातांना काम द्यायचं. कुणी मेंदी काढतं, कुणी दोऱ्यात मणी ओवतं, कुणी वह्यांना कव्हरं घालतं. हात गुंतले की तोंड मोकळं होतं. आपल्या आज्या जात्यावर बसून बोलत होत्या, त्यात हेच शहाणपण होतं. इथून जवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, मुलींना ते माहीत असतं.

आणि दुसरं म्हणजे यायचं. पाऊस असो, पाहुणे असोत, ताई शनिवारी येणार म्हणजे येणार. येता येत नसेल तर आदल्या दिवशी निरोप. या मुलींना मोठ्या माणसांनी शब्द मोडण्याची सवय झालेली असते. पंधरा-सोळा शनिवार तुम्ही न चुकता आलात की सतराव्या शनिवारी एखादी मुलगी सगळ्या गेल्यावर चपला शोधत रेंगाळते. तेव्हा तिला काहीतरी सांगायचं असतं.

काय सांगतात त्या? एकदा आषाढीनंतरच्या शनिवारी विषय निघाला. आषाढीच्या दिवसांत गावातल्या शाळा बंद असतात आणि आमच्यातल्या निम्म्या मुली कुंकू-बुक्क्याच्या, तुळशीमाळांच्या दुकानांवर नाहीतर आईबरोबर पाटी घेऊन प्रदक्षिणा मार्गावर बसतात. एक आठवीतली म्हणाली, "ताई, गर्दीत धक्का लागतो तो वेगळा आणि मुद्दाम लागतो तो वेगळा. मला कळतंय. पण आई म्हणते, वारकऱ्यांवर आळ घेऊ नये." खोली एकदम गप्प झाली. मग दुसरी बोलली, मग तिसरी. तासभर बोलत होत्या. मी मध्ये एवढंच म्हटलं की तुम्हाला जे कळतंय ते बरोबर कळतंय.

उपाय त्यांनीच काढला. दुकानावर दोघी-दोघींनी उभं राहायचं आणि कुणी हात लावला की मोठ्यानं ओरडायचं, "ओ माउली, हात आवरा!" वारीत सगळे एकमेकांना माउलीच म्हणतात, त्यामुळे अपमानही नाही आणि चार माणसं वळून बघतात. पुढच्या वर्षी कार्तिकीला दोनदा ओरडावं लागलं, असं त्यांनी हसत सांगितलं. मला सांगा, छेडछाडविरोधी कार्यशाळेत आपण याहून चांगलं काय शिकवलं असतं?

दोन मुली

आता लग्नाच्या प्रश्नाकडे येते. नावं सांगणार नाही, गावंही नाही.

पहिली मुलगी दहावीत होती. वडिलांचा दोन एकर ऊस, डोक्यावर कर्ज, आजी आजारी. आजीला नातीचं लग्न बघायचं होतं. मुलगा चांगला, बागायतदार, हुंडा नको म्हणतोय. मुलगी शनिवारी म्हणाली, "ताई, लगीन ठरलंय माझं." तेव्हा आम्हा सगळ्यांच्या मनात एकच आलं, फोन उचलावा आणि तक्रार द्यावी. पण आधी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "मला लगीनच नको असं नाही. आत्ता नको. बारावी करू द्या म्हणावं." मग विचारलं, घरात तुझं कोण ऐकतं? खूप वेळ विचार करून म्हणाली, आत्या. आत्याचं लग्न स्वतःचं पंधराव्या वर्षी झालेलं. आम्ही त्या आत्याकडं दोनदा गेलो. ती आधी काही बोलली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, "माझ्या येळंला कुणी आलं नव्हतं." ती भावाशी बोलली. गावातल्या अंगणवाडी सेविका घरी जाऊन आल्या. ग्रामसेवकांनीही, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, समजावून सांगितलं. गावपातळीवर बालविवाह थांबवायची जबाबदारी कायद्यानं त्यांच्यावर आहे, हे गावातल्याच नव्हे, आपल्याही अनेक कार्यकर्त्यांना माहीत नसतं. लग्न पुढं गेलं. आज ती मुलगी वीस वर्षांची आहे आणि परिचारिकेचा अभ्यासक्रम करते आहे. आजीही आहे.

दुसरी मुलगी. ती दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी मैत्रिणींनी सांगितलं, दुसऱ्या जिल्ह्यात नातेवाइकांकडं नेऊन लग्न लावलं. वय सोळा. फोन केला तर सासूनं उचलला. गावच्या यंत्रणेला कळवलं, पण तोवर सगळं आटपलं होतं आणि दोन्हीकडची माणसं एकच सांगत होती, साखरपुडा होता. नागपंचमीला ती माहेरी आली. शनिवारी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली. मुलींनी सरकून जागा दिली. कुणी काही विचारलं नाही. ती मणी ओवत बसली. जाताना म्हणाली, "ताई, कोरी वही आहे का?"

त्यानंतर ती माहेरी आली की येते. आम्ही तिला कायदा सांगितला आहे. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार अल्पवयात लग्न झालेल्या मुलीला ते लग्न रद्द करून मागता येतं, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. म्हणजे वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. ती आता साडेअठरा वर्षांची आहे. ती अर्ज करील की नाही, मला ठाऊक नाही. आम्ही तिला एकदाही 'कर' म्हटलेलं नाही, कारण अर्ज केल्यावर रात्री झोपायचं कुठं, हा प्रश्न तिचा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या कुणाकडं तयार नाही. पण ती तारीख तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे.

आपल्या चळवळीला आकडे हवे असतात. किती लग्नं थांबवली? मी सांगते, पहिल्या मुलीचं थांबलं, दुसरीचं नाही. पण दुसरी खोलीत परत आली. आमचा शनिवार नसता तर ती कुठं आली असती?

गुपित आणि कायदा

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते. इथं मतभेद होतील, आणि ते व्हावेत.

मुलगी म्हणते, "ताई, कुणाला सांगणार नसाल तर सांगते." तुम्ही काय म्हणाल? जवळीक वाढावी म्हणून कुणीही पटकन 'नाही सांगणार' म्हणून जाईल. आम्ही ते म्हणत नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. हे तुम्हा-आम्हालाही लागू आहे. म्हणून आम्ही आधीच सांगतो, "तुझं बोलणं मी गावभर करणार नाही. पण तुझ्या अंगाला, जिवाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल. कुणाला बोलवते आहे, ते आधी तुला सांगेन." हे ऐकून काही मुली त्या दिवशी बोलत नाहीत. पण पुढच्या शनिवारी बोलतात, कारण त्यांना कळतं की ही बाई खोटं आश्वासन देत नाही.

मात्र या कायद्याची दुसरी बाजूही आपण बोलली पाहिजे. काका, शेजारी, शिकवणीचा मास्तर अत्याचार करत असेल तर कायदा हे आपलं हत्यार आहे, ते वापरायलाच हवं. पण सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा एकमेकांच्या प्रेमात पडले, मुलगा वेगळ्या जातीचा निघाला, की हेच हत्यार बाप उचलतो. अठरा वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा मानत नाही. मुलगा तुरुंगात, मुलगी घाईघाईनं दुसऱ्याच्या गळ्यात. ज्यांनी तिचं लग्न सोळाव्या वर्षी लावायला मागंपुढं पाहिलं नसतं, तेच आता तिच्या बालपणाची काळजी वाहतात! या मुली दवाखान्यात जायला घाबरतात, दिवस गेले तर अघोरी उपाय करतात. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपाताच्या एका निकालात म्हटलं की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. एवढी एक वाट आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकं आहेत, ती कुठं आणि कोणत्या वारी चालतात हे प्रत्येक ताईला पाठ असलं पाहिजे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आमच्या मुलींनी अंकगणिताच्या वहीत लिहिला आहे, घरात कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून.

या प्रश्नाची सोपी उत्तरं माझ्याकडं नाहीत. पण एक पक्कं आहे. एकट्या ताईनं असा निर्णय घ्यायचा नाही. आम्ही पाचजणी महिन्यातून एकदा फक्त आमच्यासाठी बसतो, वकीलबाई आणि एक समुपदेशक त्या बैठकीला येतात. ज्या गटाला हे जमणार नाही त्यांनी हे काम सुरू करू नये.

उपकार नको

आपण कोण आहोत, हेही विसरून चालणार नाही. आम्ही पाचजणी गावातल्या, पक्क्या घरातल्या. आमच्याकडे येणाऱ्या मुलींत ऊसतोडीच्या टोळीबरोबर दोन-चार महिन्यांसाठी आलेल्या आहेत, नदीकाठच्या वस्तीतल्या आहेत, पालावर राहणाऱ्या आहेत. जात वेगळी, बोली वेगळी. चांगलं काम करता करता आपण कधी दात्याच्या पाटावर जाऊन बसतो ते कळत नाही. म्हणून आम्ही काही नियम केले. मुलींना पैसे द्यायचे नाहीत, जुने कपडे द्यायचे नाहीत. गरज असेल तर सरकारी योजनेचा अर्ज भरायला मदत करायची, तो हक्क आहे. फोटो काढायचे नाहीत. बोली सुधारायची नाही. आणि मुलीसमोर तिच्या आईला नावं ठेवायची नाहीत. आई मुलीवर ओरडते त्यामागं भीती असते. ती भीती खरी असते, कारण मुलीचं काही झालं तर बोल आईलाच लागतो. आयांना आम्ही दिवाळीनंतर बोलावतो. त्या येतात, आधी मुलींच्या तक्रारी सांगतात आणि मग हळूहळू स्वतःच्या लग्नाच्या गोष्टी सांगतात. तिथं मुलींना आपली आई पहिल्यांदा भेटते.

आणि मुलं?

दर वेळी कुणीतरी विचारतं, नुसत्या मुलींबरोबर बसून काय होणार, स्टॅंडवरच्या पोरांचं काय? बरोबर आहे. पण ते काम पुरुषांनी उचललं पाहिजे असं माझं मत आहे. आपल्याकडं ते झालेलंही आहे. मुंबईत १९९३ साली काही पुरुषांनी हिंसाचाराविरोधात 'मावा' ही संघटना काढली. 'मावा' म्हणजे मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज. त्यांनी २००६ पासून 'युवा मैत्री' उपक्रमात पुण्याच्या परिसरातल्या महाविद्यालयीन मुलांना तयार केलं, आणि त्या मुलांनी आपल्याहून लहान मुलांशी मर्दानगी, लैंगिकता, घरातली हिंसा यांवर बोलायचं, असं ते काम उभं केलं. म्हणजे दादा-ताईची ही रीत मुलांनाही लागू पडते. आपले नवरे, भाऊ, सहकारी कार्यकर्ते सभेत आपल्या शेजारी बसतात. त्यांना विचारा, तुमचे शनिवारचे दोन तास कुठं आहेत?

तुमच्याकडं काय मागते आहे

शेवटी आपल्या गावची एक गोष्ट. मंगळवेढ्याची कान्होपात्रा सगळ्यांना माहीत आहे. गणिकेची पोर, बीदरच्या बादशहाचं बोलावणं आलं, तिनं नकार दिला आणि विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडला, असं सांगतात. मंदिरात तिच्या नावाचं झाड आहे, आपण त्याला हात जोडतो. मला मात्र दर वेळी वाटतं, एका कोवळ्या मुलीला 'नाही' म्हणायला देवळाच्या गाभाऱ्याशिवाय जागा उरली नाही, आणि त्याची किंमत जिवानं मोजावी लागली. आपल्या मुलींना 'नाही' म्हणायला माणसांतच जागा पाहिजे, आणि तिथून जिवंत परत येता आलं पाहिजे.

तुमच्या प्रत्येक गटाकडं माझं मागणं छोटं आहे. मोठा प्रकल्प करू नका, अनुदानाची वाट पाहू नका. पाच बायका शोधा, ज्या दोन वर्षं शब्द पाळतील. दोन वर्षं नसतील तर सुरूच करू नका, अर्ध्यात सोडून जाणारी माणसं या मुलींनी पुष्कळ पाहिलीत. वस्तीच्या जवळ, आयांना नजरेच्या टप्प्यात वाटेल अशी एक खोली शोधा. ठाण्यातल्या महिला पोलीस, अंगणवाडी सेविका, आशाताई, मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक, एक वकील यांची ओळख आधी करून घ्या, प्रसंग आल्यावर नव्हे. वार आणि वेळ ठरवा आणि ती मोडू नका. आणि पहिले दोन महिने कुणी काही बोललं नाही तरी घाबरू नका.

चपला शोधत रेंगाळणाऱ्या मुलीसाठी मात्र दहा मिनिटं जास्त ठेवा.